तिरक्या ओळींचा प्रिंटर

नोकरीच्या मुलाखतीत मी एक खोटं बोलले होते. "नेटवर्कवर प्रिंटर जोडता येतो का?" असं साहेबांनी विचारलं आणि मी लगेच "हो" म्हणून टाकलं. नेटवर्कवरचा प्रिंटर मी तोपर्यंत फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिला होता. अमरावतीला आमच्या कॉलेजात एकच प्रिंटर होता. तो एकाच कॉम्प्युटरला जाड केबलनं जोडलेला असायचा आणि त्या खोलीची किल्ली विभागप्रमुखांच्या खिशात असायची. तरी मी हो म्हणाले, कारण पुण्यात येऊन दोन महिने झाले होते आणि घरी पत्रात लिहायला आता काही उरलं नव्हतं.

ती नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. माझ्यासारखी पुष्कळ मुलंमुली विदर्भातून येणाऱ्या गाडीतून पुणे स्टेशनवर उतरत होती. मी विश्रांतवाडीत एका घराच्या वरच्या मजल्यावर आणखी दोघींबरोबर राहत होते. आमची कंपनी कर्वे रस्त्यावर, एका दातांच्या दवाखान्याच्या डोक्यावर. दोन खोल्या आणि सात माणसं. आमचं काम म्हणजे लोकांच्या कचेऱ्यांमध्ये युनिक्सची सिस्टिम बसवून देणं. एक मोठा कॉम्प्युटर, त्याला जोडलेली चार-पाच टर्मिनलं. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. डोकं सगळं त्या एका मोठ्या कॉम्प्युटरात.

नोकरीला लागून तीन आठवडे झाले असतील. एका सोमवारी साहेबांनी मला बोलावलं.

"गुलटेकडीच्या त्या माती तपासणीच्या लॅबमध्ये सिस्टिम बसवून झालीय. फक्त प्रिंटर राहिलाय. तुम्हाला येतं ना ते?"

"हो," मी दुसऱ्यांदा म्हणाले.

"मग जा. तीन दिवस पुरे. गुरुवारपासून त्यांना रिपोर्ट त्याच्यावर काढायचेत."

मी मॅन्युअलचा जाडजूड खंड पिशवीत घातला आणि निघाले.

लॅब मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला होती. शेतकी कॉलेजातली नोकरी तरुणपणीच सोडलेल्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी ती काढली होती. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत. शेतकरी यार्डात माल घेऊन आले, की येताना कापडी पिशवीत आपल्या रानातली मूठ-दोन मूठ माती आणत आणि इथे तपासायला देऊन जात. तळमजल्यावर मातीची तपासणी व्हायची. आकडे एका लांबलचक रजिस्टरात लिहिले जायचे. ते रजिस्टर जिना चढून वर जायचं आणि वर टायपिस्टबाई त्याचे रिपोर्ट टाइप करायच्या. मग सर सही करायचे. आता खालच्या लोकांनी आकडे टर्मिनलवर भरायचे आणि वर बाईंच्या खोलीत ठेवलेल्या प्रिंटरवर रिपोर्ट आपोआप निघायचे, असं ठरलं होतं.

मी जिना चढून त्या खोलीत गेले तेव्हा बाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, सडपातळ, नऊवारी नाही पण पाचवारीच अशी चापूनचोपून नेसलेली, की टाचणीसुद्धा इकडची तिकडे हलणार नाही. त्यांच्या टेबलावर दोन टाइपरायटर होते, एक इंग्रजी, एक मराठी. समोरच्या टेबलावर नवा प्रिंटर, त्याच्यावर अजून प्लॅस्टिकचं आवरण. बाईंनी त्याच्याकडे पाठ करून आपली खुर्ची फिरवून घेतली होती हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"नमस्कार. मी प्रिंटर लावायला आली," मी म्हणाले.

त्यांनी वळून पाहिलं. "आले."

"काय?"

"मी आले. आली नव्हे. आली म्हणजे ती, तिसरी कोणीतरी."

आमच्याकडे सगळ्या बायका 'मी आली, मी गेली' असंच बोलतात. पण हे बाईंना सांगण्याचं धाडस मला झालं नाही. मी केबल शोधायला लागले.

पाचेक मिनिटांनी टाइपरायटर थांबला. "याला मराठी येतं का हो?"

"नाही. सध्या तरी इंग्रजीच."

"बरं," एवढंच म्हणून त्या पुन्हा टाइप करू लागल्या. पण त्या 'बरं'मध्ये खरोखरच बरं वाटलेलं ऐकू आलं. लॅबच्या रिपोर्टचे दोन भाग असायचे. आकडे इंग्रजीत, आणि खाली शेतकऱ्यासाठी सरांची शिफारस मराठीत, कोणतं खत किती घालायचं, कोणतं पीक टाळायचं. तो दुसरा भाग मराठी टाइपरायटरवरच राहणार, हे माझ्या एका वाक्यानं ठरलं होतं. तोपर्यंत बाईंना ते कोणी सांगितलंच नव्हतं.

पहिला दिवस केबलमध्ये गेला. खालच्या कॉम्प्युटरपासून वरच्या खोलीपर्यंत एक काळी, गोल केबल कंत्राटदारानं आधीच ओढून ठेवली होती. प्रिंटरला मी एक छोटी डबी जोडली. ती नेटवर्कवरचा मजकूर घेऊन प्रिंटरला देते. त्या डबीला एक पत्ता द्यायचा, तो पत्ता कॉम्प्युटरच्या यादीत लिहायचा, आणि मग तळमजल्यावरून 'पिंग' करायचं, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारायची. पलीकडे कोणी जिवंत असेल तर ओ येते.

ओ येईना. मी पत्ता तपासला, पुन्हा लिहिला. खाली-वर, खाली-वर जिन्याच्या दहा-बारा खेपा झाल्या. शेवटी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मॅन्युअल उघडलं, तेव्हा कळलं की अशा केबलच्या दोन्ही टोकांना एकेक टोपी, म्हणजे टर्मिनेटर, लागते. टोक उघडं राहिलं, तर भिंतीवर आपटून चेंडू परत यावा तसा संदेश उलटा येतो आणि सगळा गोंधळ होतो. खालच्या टोकाला टोपी होती. वरचं टोक उघडं होतं.

ती टोपी मिळणार कुठे? बुधवार पेठेत. उन्हातून तिथे गेले. दगडूशेठ गणपतीच्या जवळून आत शिरलं, की इलेक्ट्रॉनिक्सची दुकानंच दुकानं. एका अरुंद दुकानात जाडसर चष्म्याचे गृहस्थ ट्रान्झिस्टर उघडून बसले होते.

"पन्नास ओहमचं टर्मिनेटर आहे का?"

"आहे."

ते हातातलं काम करत राहिले. मी थोडा वेळ थांबले. "दाखवता का?"

"घ्यायचं असेल तर देतो," ते मान वर न करता म्हणाले. "दाखवण्यासारखं त्यात काही नसतं."

मी दोन घेतली, एक जास्तीचं. परत येऊन वरच्या टोकाला टोपी बसवली, खाली धावत गेले, हाक मारली. आणि पडद्यावर ओळीमागून ओळ उतरू लागली, ओ, ओ, ओ. मी इतकी खूश झाले की जिना चढून बाईंना सांगायला गेले.

"लागलं. मी खालून हाक मारली, प्रिंटरनं ओ दिली."

"आणि छापलं काय?"

"अजून काही नाही. नुसती ओ."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "आमच्याकडे शिपाई आहे, त्यालाही हाक मारली की ओ देतो. काम दुसऱ्या दिवशी."

मी हसले. त्या हसल्या नाहीत, पण खिडकीतला थर्मास उघडून त्यांनी अर्धा कप चहा माझ्यापुढे सरकवला.

मंगळवारी सकाळी मी युनिक्सला सांगितलं, की या नावाचा एक प्रिंटर आहे, त्याचा पत्ता अमुक, आणि त्याच्याकडे मजकूर पाठवायचा तो या स्क्रिप्टमधून. स्क्रिप्ट म्हणजे आज्ञांची एक छोटी फाइल, ती मी मॅन्युअलमधून बघून बघून लिहिली होती. मग एक ओळ छापायला पाठवली. काही नाही. दुसरी पाठवली, तिसरी पाठवली. पडद्यावर प्रत्येक वेळी 'विनंती स्वीकारली' असा निरोप येत होता आणि वर प्रिंटर ढिम्म. मी एक नमुन्याचा अख्खा रिपोर्ट दोनदा पाठवला. तरी ढिम्म.

त्या दिवशी बाईंच्या खोलीत एक शेतकरी येऊन बसले होते. हडपसरच्या पुढच्या एका गावचे, धोतर, पांढरी टोपी, मांडीवर घडी घातलेली रिकामी पिशवी. त्यांना अंजिराची बाग लावायची होती आणि आज रिपोर्ट मिळेल असं त्यांना सांगितलं गेलं होतं.

"ह्यो नवा हाय का?" त्यांनी प्रिंटरकडे बोट दाखवून विचारलं.

"नवा आहे," बाई म्हणाल्या. "अजून रुळायचाय."

मला तेवढ्यात मॅन्युअलमधला तो परिच्छेद सापडला. युनिक्समध्ये प्रिंटरला दोन वेगवेगळ्या परवानग्या द्याव्या लागतात. 'ॲक्सेप्ट' म्हटलं की तो कामं रांगेत घेऊ लागतो. पण 'एनेबल' म्हणेपर्यंत त्यातलं एकही काम करत नाही. मी पहिली दिली होती, दुसरी विसरले होते. हे मी मोठ्यानं वाचलं असावं, कारण बाई म्हणाल्या, "सरकारी कचेरीसारखंच आहे की. अर्ज घेतात सगळे. काम सुरू करायला वेगळं सांगावं लागतं."

मी खाली जाऊन 'एनेबल' दिलं. वरून करकर करकर असा आवाज सुरू झाला. सकाळपासूनची पाचही कामं एकदम निघाली. मी जिन्यावरून धावत वर गेले, आणि दारातच थांबले.

कागदावर अक्षरं होती. पण पहिली ओळ जिथे संपली, त्याच्या खालून दुसरी ओळ सुरू झाली होती. दुसरी जिथे संपली तिथून तिसरी. अशा ओळी पायऱ्या उतरल्यासारख्या उजवीकडे खाली खाली जात होत्या. कागदाची कड आली की एकदम डावीकडे येऊन पुन्हा उतरायला लागत होत्या. सामू म्हणजे पीएच, क्षारता, सेंद्रिय कर्ब, सगळं तिरकं. आकडा एकीकडे आणि तो कशाचा आहे हे दुसरीकडे.

शेतकऱ्यांनी वाकून बराच वेळ तो कागद पाहिला. "दिवेघाटावानी दिसतंय," ते म्हणाले. "वळणं बी हायेत."

मग बाईंनी रजिस्टर पुढे ओढलं, तीन कागदांमध्ये दोन कार्बन घातले आणि टाइप करायला बसल्या. वीस मिनिटांत त्यांचा रिपोर्ट तयार झाला, सरांची सहीही झाली. शेतकरी उठले. जाताना दारात थांबून मला म्हणाले, "हुईल ताई. नवा बैल बी पयल्यांदा तिरकाच चालतो."

मला रडू यायचं ते थोडक्यात टळलं.

दुपारी मी लॅबच्या फोनवरून साहेबांना फोन केला. अडचण सांगितली.

"पडद्यावर कसं दिसतं?"

"पडद्यावर सरळ दिसतं. कागदावर तिरकं."

"मॅन्युअल नेलंय ना?"

"हो."

"ते उघडताही येतं," साहेब म्हणाले, आणि त्यांच्याकडे कोणी आलं म्हणून फोन ठेवला.

मी संध्याकाळपर्यंत मॅन्युअल उलटंसुलटं करत होते. प्रिंटरच्या मागची बटणं बदलून पाहिली, केबल काढून पुन्हा लावली, कागद बदलला. ओळी तिरक्याच. पाच वाजता बाई आवराआवर करू लागल्या. टाइपरायटरवर त्यांनी आवरण घातलं, पर्स खांद्याला लावली, आणि माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"पहिल्यांदाच करताय ना हे?"

खोटं बोलायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. "हो," मी म्हणाले. "साहेबांना सांगितलं होतं की येतं म्हणून."

बाईंनी मान हलवली. "मीही इथे लागले तेव्हा सांगितलं होतं, की मराठी टायपिंग येतं. इंग्रजी यायचं, मराठी येत नव्हतं. मशीन घरी नव्हतं. पुठ्ठ्यावर अक्षरं काढून त्याच्यावर बोटं फिरवायची. महिन्याभरात आलं." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "यातला एक कागद मी घरी नेऊ का?"

"कशाला?"

"बघते."

बुधवारी मी साडेनऊलाच पोचले. यार्डात कोथिंबिरीच्या जुड्या उतरत होत्या, हमालांची वर्दळ होती, रस्ताभर ओला वास होता. शेवटचा दिवस. मला वाटत होतं की आज साहेबांना फोन करून खरं सांगून टाकावं आणि दुसऱ्या कोणाला तरी पाठवायला सांगावं. वर गेले, तर बाई माझ्या आधी आलेल्या. टाइपरायटरचं आवरण काढलेलं. शेजारी तो तिरका कागद.

"बस इथे," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी मला 'तू' केलं. "बघ."

त्यांनी मशीनमध्ये कोरा कागद घातला आणि एक ओळ टाइप केली. "आता ओळ संपली. आता मी काय करते? हा दांडा ओढते. दांडा ओढला की दोन गोष्टी होतात. कागद एक ओळ वर सरकतो, आणि कॅरेज परत सुरुवातीला येते. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण एका झटक्यात करतो म्हणून एक वाटते."

"हो."

"आता दांडा नाही ओढला. नुसती ही बाजूची चाकी फिरवली." त्यांनी रुळाच्या टोकाची गोल चाकी एक टिचकी फिरवली. कागद वर सरकला. कॅरेज होती तिथेच राहिली. त्यांनी पुढची ओळ टाइप केली. पुन्हा चाकी, पुन्हा ओळ. मग कागद काढून त्यांनी माझ्या तिरक्या कागदाशेजारी ठेवला.

दोन्ही कागद एकसारखे होते. त्याच पायऱ्या.

"तुझ्या मशीनला कागद वर घ्यायला सांगितलंय," बाई म्हणाल्या. "कॅरेज परत आणायला कोणी सांगितलेलंच नाही."

मी त्या दोन कागदांकडे पाहत राहिले. मॅन्युअलमध्ये 'कॅरेज रिटर्न' आणि 'लाइन फीड' असे दोन शब्द मी शंभर वेळा वाचले होते. ते कसले शब्द आहेत याचा विचारच कधी केला नव्हता. कॅरेज म्हणजे ही, माझ्यासमोरची, लोखंडाची. युनिक्स ओळ संपली की फक्त 'नवी ओळ' एवढंच चिन्ह लिहितं. पडद्यावर ते सरळ दिसतं, कारण टर्मिनलकडे जाताना सिस्टिम मधल्यामध्ये ते परत यायचं चिन्ह जोडून देते. माझ्या स्क्रिप्टमधून प्रिंटरकडे जाताना ते कोणी जोडतच नव्हतं.

मी दोन्ही कागद उचलून उठले.

"जा, सांग त्याला," बाई म्हणाल्या.

मी खाली गेले. स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली, प्रत्येक ओळीच्या शेवटी परत येण्याचं चिन्ह घाल, अशी. एवढंच काम होतं. नमुन्याचा रिपोर्ट पाठवला. या वेळी वर पळाले नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहून ऐकत राहिले. करकर, मग एक खट्ट असा आवाज, पुन्हा करकर, पुन्हा खट्ट. डोकं दर ओळीला परत येत होतं. आदल्या दिवशी तो दर ओळीचा खट्ट आवाज नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं.

वर गेले तर बाई कागद हातात धरून वाचत होत्या. सामूखाली सामूचा आकडा. स्फुरदापुढे स्फुरद, पालाशपुढे पालाश. डावीकडची कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

"समास थोडा कमी आहे," त्या म्हणाल्या. "फाइल करताना भोकं पाडली की आकडे जातील."

मी समास वाढवला. त्यांनी पुन्हा कागद पाहिला आणि या वेळी काही खोट काढली नाही.

अकराच्या सुमाराला सर आले. कागद उजेडात धरून पाहिला, चष्मा वर करून पाहिला, आणि मला म्हणाले, "छान. फार छान काम केलंत."

मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. बाईही काही बोलणार नव्हत्या. त्या मान खाली घालून कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडत बसल्या होत्या. पण मला राहवेना.

"सर, चूक बाईंनी शोधली. मला दोन दिवसांत सापडली नव्हती." आणि मी ते दोन कागद त्यांच्यापुढे ठेवले, एक प्रिंटरचा, एक टाइपरायटरचा.

सरांनी दोन्ही कागद नीट पाहिले. बाईंना सगळं पुन्हा करून दाखवायला लावलं. बाईंनी न बोलता करून दाखवलं, दांडा आणि चाकी. सर खुर्चीत मागे टेकले. "सव्वीस वर्षं तुमच्यासमोर बसून सह्या करतोय," ते म्हणाले, "आणि दांडा ओढल्यावर दोन गोष्टी होतात, हे मला आज कळलं."

"तुम्हाला कळायची गरज नव्हती," बाई म्हणाल्या. "मी होते ना."

त्याच दिवशी दुपारी सरांनी सांगून टाकलं, की प्रिंटरची व्यवस्था बाईंकडे राहील. खालून कोणी काही पाठवलं तरी रांगेवर लक्ष त्यांचं. बाईंच्या टेबलावर एक टर्मिनल आलं. मी त्यांना चार-पाच आज्ञा शिकवल्या. त्यांनी त्या एका दोनशे पानी वहीत मराठीत उतरवून घेतल्या. ती वही मी नंतर पाहिली. त्यात लिहिलं होतं: 'एलपीस्टॅट, रांगेत कोण कोण आहे ते विचारणे. कॅन्सल, चुकून शिरलेल्याला बाहेर काढणे. डिसेबल, कागद बदलताना थांबवून ठेवणे. एनेबल, पुन्हा कामाला लावणे.' त्याच्याखाली लाल शाईनं: 'डिसेबल केल्यावर एनेबल करायला विसरू नये.' एवढं सोपं मॅन्युअल मी आजवर वाचलेलं नाही.

साहेबांना मात्र मी पुष्कळ दिवसांनी सांगितलं. कायम झाल्याचं पत्र हातात आलं, त्यानंतर. "मुलाखतीत मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. मला तेव्हा नेटवर्कवरचा प्रिंटर लावता येत नव्हता."

"माहीत होतं," ते म्हणाले. "तुम्ही फार लवकर हो म्हणालात. ज्याला येतं तो आधी विचारतो, प्रिंटर कुठला."

"मग पाठवलंत कशाला?"

"मलाही येत नव्हतं. म्हटलं, एकाला तरी येऊ दे."

पुढे मी असे पुष्कळ प्रिंटर लावले. कारखान्यांत लावले, बँकांत लावले, एका रसाच्या फॅक्टरीत लावला, तिथे कागदाला आंब्याचा वास यायचा. पण गुलटेकडीच्या लॅबमध्ये माझं जाणं राहिलं. काम नसलं तरी सुट्टीच्या आदल्या दिवशी त्या बाजूनं चक्कर व्हायची. बाई थर्मासमधला चहा द्यायच्या, माझं 'करून राहिली' सुधारायच्या. मी त्यांना सांगितलं, की आमच्याकडे असंच बोलतात आणि ते चुकीचं नाही, तेव्हा त्या जरा विचारात पडल्या. पुढच्या वेळी गेले, तर दारातच म्हणाल्या, "ये. मी तुझीच वाट पाहून राहिले." पूर्ण आमच्यासारखं नव्हतं, पण अर्धं तरी आलं होतं.

एकदा मला आठवडाभर ताप होता. नगरकडच्या एका दूध संघात आमच्याच कंपनीनं सिस्टिम बसवली होती आणि तिथे प्रिंटर पायऱ्या पाडायला लागला होता. कोणीतरी स्क्रिप्ट बदलून ठेवली होती. तिथल्या माणसाचा आमच्या ऑफिसात फोन आला. साहेबांनी मला शोधलं, मी घरी झोपलेली. तेव्हा त्यांनी सरळ त्या माणसाला लॅबचा नंबर देऊन टाकला. मला हे कळलं ते बाईंच्या तोंडून.

"काल एका दूधवाल्याचा फोन आला होता," त्यांनी सांगितलं. "घाबरला होता बिचारा. मी म्हटलं, घाबरू नका, तुमची कॅरेज परत येत नाहीये. तो म्हणाला, कसली कॅरेज? म्हटलं, ते राहू द्या. स्क्रिप्ट उघडा आणि मी सांगते ती ओळ आहे का बघा. नव्हती. अक्षर अक्षर सांगून लिहून घेतली त्याच्याकडून. मग फोन तसाच धरून ठेवायला सांगितला."

"कशाला?"

"छापल्याचा आवाज ऐकायला." बाईंनी कपात चहा ओतला. "खट्ट वाजलं. मग ठेवला फोन."

साहेबांना हे इतकं आवडलं, की त्यांनी बाईंना आमच्याकडे नोकरीला बोलवावं असं ठरवलं. निरोप द्यायला मीच गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. तेव्हा त्यांची निवृत्ती चार वर्षांवर होती.

"तुमच्या ऑफिसात शिफारशी लिहायच्या असतात का?"

"नाही. फक्त मशीनं."

"मग नको," बाई म्हणाल्या. "दिवसाला निदान दहा तरी माणसं माझं टाइप केलेलं वाचून रानात काहीतरी लावतात. ते सोडवत नाही. पण साहेबांना सांग, फोन आला तर मी घेईन."

आणि त्या घेत राहिल्या. आमच्या ऑफिसातल्या भिंतीवर अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा त्याची एक यादी होती. तिच्यात आम्हा सातजणांच्या खाली आठवा नंबर लॅबचा होता.

दरवर्षी एकदा सिस्टिमच्या देखभालीला आम्ही जायचो. त्यांच्या शेवटच्या वर्षी मी गेले तेव्हा सकाळची वेळ होती. बाई टर्मिनलवर रांग बघत होत्या, शेजारी मराठी मशीनवर अर्धी टाइप झालेली शिफारस. "थांब जरा, सात रिपोर्ट आहेत," त्या म्हणाल्या. मी खिडकीशी बसले. खाली टेम्पोतून कांद्याची पोती उतरत होती. मागे प्रिंटर चालू होता. मी डबी तपासली, केबलची टोकं पाहिली, टोप्या घट्ट होत्या. स्क्रिप्ट उघडून पाहिली. बाईंनी तिच्या डोक्यावर, मला न विचारता, रोमन अक्षरांत एक मराठी ओळ घालून ठेवली होती, की हिला हात लावण्यापूर्वी वर येऊन विचारावे. मी फाइल तशीच बंद केली. करण्यासारखं काहीच नव्हतं. सातवा रिपोर्ट निघेपर्यंत मी चहा पीत बसून राहिले.